शर्टाला लागून आलेले धागे

एप्रिल लागला की सोलापूरचं ऊन सकाळी आठलाच दारात येऊन बसतं. नळाला पाणी चार दिवसांआड, आणि ते आलं की गल्लीभर घागरींचा आवाज. दुपारी पत्रे तापून टकटक वाजतात. मी खुर्ची दारात ओढून त्या उजेडाकडे बघत बसतो. मला त्याचा भरवसा वाटत नाही. चौदा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात अशाच स्वच्छ उजेडात मी एक गोष्ट नीट पारखून बघितली, खात्री करून घेतली, आणि साफ चुकलो. चूक कळल्यावरही गप्प बसलो. ते आता लिहितो आहे.

मी रंगाच्या कारखान्यात डाईंग मास्तर होतो. चादरी आणि टॉवेलांसाठी लागणारं सूत रंगवायचं, हे माझं काम. उन्हाळा आमच्या धंद्याला मानवायचा. पावसाळ्यात दोन-दोन दिवस ओल धरून राहणाऱ्या लड्या या उन्हात दोन तासांत वाळायच्या. कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत बांबूंवर लाल, हिरव्या, राखी लड्या टांगलेल्या असायच्या आणि खाली रंगीत पाण्याचे थेंब पडून मातीला भलतेच डाग पडायचे. काही रंग मोठे फसवे. हंड्यातून बाहेर काढताना सूत हिरवट दिसतं आणि हवेत दोन मिनिटं धरलं की निळं होतं. म्हणून नव्या माणसाला मी पहिली गोष्ट शिकवायचो, ओल्या सुतावरून रंग ठरवायचा नाही. वाळू द्यायचं, दारात सावलीच्या उजेडात न्यायचं, मग बोलायचं.

एका वेळी रंगवून काढलेल्या प्रत्येक घाण्यातला बोटभर धागा मी नमुन्यांच्या वहीत बांधून ठेवायचो. पानाला दोन भोकं पाडायची, धागा ओवायचा, खाली रंगाचं नाव. नावं आम्हीच ठेवायचो. वीट, चिंचगूळ, सिमेंट, साखरपाणी. दुसऱ्या कारखान्यात त्याच रंगाला दुसरं नाव असायचं आणि त्याबद्दल कुणाचं भांडण नसायचं.

शीतल हे आमचं एकुलतं लेकरू. मुलगी म्हणून जन्मलं, मुलगी म्हणून आम्ही वाढवलं. आज मी 'लेकरू' लिहितो, 'ते' लिहितो. चालेल का, हे विचारून घेतलंय. "चालेल की अप्पा, निदान खोटं तरी नाही," असं उत्तर मिळालं. त्या उत्तरात टोमणा होता की परवानगी, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

त्या उन्हाळ्यात शीतलची बी.कॉम.ची शेवटची परीक्षा संपली होती. दिवसभर घरात. काही दिवस हातभर बांगड्या, केसात अबोली, आईशेजारी बसून शेंगा फोडत गप्पा. काही दिवस माझा जुना शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केस टोपीखाली दडपलेले, आणि बाहेरच्या कट्ट्यावर पाय पसरून बसणं, अगदी माझ्यासारखं. आणि मध्येच असेही दिवस यायचे की यातलं काहीच नाही. आरशात बघायचं नाही, हाक मारली तर उशिरा ओ द्यायची, पाण्याचा तांब्या भरून तसाच हातात धरून उभं राहायचं. बोलण्यातही कधी 'जाते', कधी 'जातो'. आमच्या भागात बायकाही सर्रास 'येतो, जातो' म्हणतात, त्यामुळे ते कुणाच्या कानाला खटकलं नाही. मला खटकलं. का खटकलं, ते मात्र मी चुकीचं ओळखलं.

मला वाटलं, पोरगी कुणाला तरी भेटते आहे.

संशयाची गंमत अशी, की त्याला सगळंच पुरतं. बांगड्या घातल्या की मला वाटायचं, आज भेटायला निघाली. शर्ट घातला की वाटायचं, ओळखू येऊ नये म्हणून वेष बदलला. गप्प बसलं की वाटायचं, भांडण झालं दोघांचं. जेवताना मी शीतलच्या ताटाकडे न बघता चेहऱ्याकडे बघायचो. सुशीला, माझी बायको, एकदा भाकरी वाढताना म्हणाली, "असं काय बघताय तिच्याकडं? मालाची तपासणी हाय का?" शीतल हसलं. मी हसलो नाही. या दोघींचं काहीतरी ठरलेलं आहे, असं माझ्या मनात आलं. ते खरंच होतं. पण मला वाटलं तसलं नव्हतं.

मग वही सापडली. 'सापडली' असं म्हणणं सोयीचं आहे. मी शोधत होतो. ट्रंकेवर घडी घातलेल्या वाकळांमध्ये, तिसऱ्या आणि चौथ्या वाकळेच्या मध्ये होती. शंभर पानी, रेघांची. प्रत्येक पानाला दोन भोकं, त्यात ओवलेला रंगीत धागा, खाली नाव. हुबेहूब माझ्या वहीसारखी. क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं, हे कबूल करतो. मग खालच्या ओळी वाचल्या.

'ओली राख. आज हे.'

'जांभळाचा डाग. सकाळी हे, दुपारनंतर नाही.'

'वीट. शर्ट घातला. बरं वाटलं.'

'कोरं. तीन दिवस हेच.' कोरं म्हणजे रंग न चढवलेलं सूत.

एका पानावर भोकं पाडली होती, धागाच नव्हता. खाली लिहिलं होतं, 'आजचं नाव अजून सापडत नाही.'

आज ती वही माझ्यासमोर धरली तर शाळेतलं पोरही सांगेल की कुणीतरी स्वतःला शोधतं आहे. मी बाप होतो आणि मला ती भेटीगाठींची खुणेची भाषा वाटली. सकाळी हे, दुपारनंतर नाही, म्हणजे सकाळी भेट झाली, दुपारी नाही. तीन दिवस कोरं, म्हणजे तीन दिवस भेट नाही. मी सगळं लावून टाकलं. एकही ओळ सुटली नाही.

आणि त्याहून वाईट म्हणजे, मी ते रंग ओळखले. शीतलचं 'ओली राख' म्हणजे माझं सिमेंट. तो घाणा मीच मार्चमध्ये काढला होता आणि सगळा माल एकाच गिऱ्हाइकाकडे गेला होता. बाजारात तो धागा मिळणं शक्य नव्हतं. म्हणजे कारखान्यातलाच कुणीतरी माणूस माझ्या घरी धागे पोचवतो आहे. दुसऱ्या कुठल्या बापाला हे सुचलं नसतं. मला सुचलं, कारण मला माझं काम येत होतं.

वही मी कारखान्यात नेली. दारात, सावलीच्या उजेडात, माझ्या वहीला लावून एकेक धागा जुळवला. अकरा धागे तंतोतंत जुळले. कसलीही घाई केली नाही. वाळलेलं सूत, चांगला उजेड, अनुभवी डोळा.

लड्या मोजून गठ्ठे बांधायचं काम अंबादासकडे होतं. आमच्या मागच्या गल्लीत राहणारा, नरसम्मांचा मुलगा, घरात तेलुगू बोलणारी माणसं. पंचविशीचा, कामाला सरळ. नळाला पाणी आलं होतं तेव्हा एकदा त्यानं शीतलची घागर उचलून दिली होती आणि दोघं कशावर तरी हसली होती. मला तेवढं पुरलं.

मालकाला मी त्याला चोर म्हटलं नाही. मी एवढंच म्हणालो, "गठ्ठ्यातून सूत बाहेर जातंय. अंबादासकडं जरा लक्ष असू द्या." मास्तर सांगतो म्हटल्यावर लक्ष कोण ठेवत बसतो? शनिवारी त्याला सांगण्यात आलं, सोमवारपासून येऊ नकोस. तो माझ्याकडे आला. मी हंड्यात काठी फिरवत होतो.

"मास्तर, माझं काय चुकलं?"

"मला काय ठाऊक? मालकाला इचार."

"मालक म्हणतेत, मास्तरला इचार."

मी काठी फिरवत राहिलो. हंड्यातून वाफ येत होती, त्यामुळे वर बघायची गरज पडली नाही.

घरी वही जमिनीवर टाकली आणि विचारलं, "हे धागे तुला कोण देतं?"

शीतलनं वही उचलून धूळ झटकली. मग म्हणालं, "तुम्हीच."

"बापाला उलट बोलतीस?"

"तुमच्या शर्टाला लागून येतात अप्पा. धुताना आई काढून ठेवते. खिशात, बाहीत, टोपीत. विचारा तिला."

मी सुशीलाला विचारलं नाही. चोरानं साक्षीदार दिला तर तो त्याच्याच घरातला असतो, असं मला वाटलं. "आणि खाली लिहिलंय ते काय?"

शीतलनं सांगायला सुरुवात केली. रोज सारखं नसतं, एवढं ते म्हणालं. कधी मी मुलगी असते, कधी मुलगा असतो, कधी दोन्ही नसतं, आणि त्याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही, म्हणून नावं ठेवते. एवढं सगळं लेकरानं एका दमात, उभ्यानं, पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत सांगितलं. आणि मी, जो हिरव्याचा निळा होताना रोज बघायचो, मी म्हणालो, "नाटकं बंद कर. त्याचं नाव सांग."

तिसऱ्या आठवड्यात शीतल पुण्याला गेलं. मैत्रिणीच्या ओळखीनं नोकरी मिळाली होती. सकाळच्या एसटीनं. सुशीलानं भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून दिली होती, म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं. मी कामावरून आलो तेव्हा दोरीवर माझा जुना शर्ट नव्हता.

कामाच्या शोधात अंबादास आठ दिवस आधी भिवंडीला गेला होता. गल्लीनं दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. पिठाच्या गिरणीत ज्वारीचा डबा ठेवताना गिरणीवाले बाबूराव मला म्हणाले, "मास्तर, शीतल भिवंडीलाच गेली म्हणं?"

चार बायका डबे घेऊन उभ्या होत्या. पट्ट्याचा फटफट आवाज चालला होता. मी मान डोलावली. वर म्हणालो, "आता समजून घ्या."

बस, एवढंच. शीतलनं मला जे सांगितलं होतं, ते सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते आणि ऐकायला गल्लीकडेही नव्हते. पळून गेली, हे मात्र सगळ्यांना कळतं. त्यावर लोक हळहळतात, बापाच्या पाठीवर हात ठेवतात. मला तो हात हवा होता.

भाद्रपदात असेल, एका रविवारी सुशीला मोरीत कपडे धूत होती. माझा शर्ट पिळण्याआधी तिनं उलटा केला, बाहीच्या शिवणीतून एक तांबूस धागा ओढला, आणि कोनाड्यातल्या डबीत टाकला. सवयीनं, न बघता. डबी अर्धी भरली होती.

"हे काय?"

"शीतलला पाठवते पोस्टानं," ती म्हणाली, आणि शर्ट आपटू लागली.

म्हणजे शीतल खरं बोललं होतं, हे मला तीन महिन्यांत कळलं होतं. ओझं आहे ते याचं. चूक तर उन्हाळ्यातली होती. पण त्यानंतरची चौदा वर्षं चूक म्हणता येणार नाही. त्या चौदा वर्षांत अंबादासची ठरत आलेली दोन लग्नं मोडली, मुलीकडची माणसं आमच्याच गल्लीत चौकशी करून गेली. नरसम्मांना गल्लीतल्या हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. अंबादास दिवाळीलासुद्धा गावी येईना. हे सगळं मी बघत होतो, मला नजरेचा काही त्रास नाही. सुशीला गेली तेव्हा शीतल पुण्याहून परस्पर स्मशानात आलं, लांब उभं राहिलं, आणि गल्लीत पाऊल न टाकता परत गेलं. जमलेल्या बायका कुजबुजल्या, "नवरा नाही आला वाटतं." मी ऐकलं आणि गप्प राहिलो.

शीतल आता महिन्यातून एकदा फोन करतं. गोळ्या घेता का, पाणी आलं का. मध्ये मी फोनवर वाचून अशा माणसांसाठीचे काही इंग्रजी शब्द गोळा केले आणि विचारलं, यातला तुझा कुठला? शीतल हसलं. "सगळे घालून बघितले अप्पा. एक दंडात घट्ट होतो, एक खांद्यावर सैल. एखाद्या दिवशी एखादा बसतो." मग मी माझ्या धंद्यातलं सुचवलं. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा, अशा कापडाला धूपछाव म्हणतात. हललं की रंग बदलतो. तसलं काही म्हण की. मला ते फार छान वाटलं होतं, दोन दिवस मनात घोळवलं होतं.

"छान आहे," शीतल म्हणालं. "पण माझं नाव तुम्ही ठेवू नका. एकदा ठेवलंय तुम्ही. गल्लीत अजून चालतंय ते."

या पाडव्यानंतर मी म्हणालो, ये की घरी, आता मी एकटाच आहे. शीतल म्हणालं, "येईन. पण अंबादासबरोबर पळून गेलेली म्हणून येणार नाही. आधी तुम्ही सांगून या. जिथं सांगितलं होतं तिथंच."

तीन आठवडे मी गेलो नाही. माझ्या पश्चात्तापाची मी उलटतपासणी घेत होतो. खरंच वाईट वाटतंय, की गुडघे गेले म्हणून कुणीतरी जवळ हवंय? या लिहिण्यावरही माझा विश्वास नाही. यात मी स्वतःला थोडा बरा दाखवला असेल. अंबादासला उत्तर देताना माझा आवाज इथे लिहिलाय त्याहून चढा होता, असं मला वाटतं.

शेवटी परवा सकाळी दहाच्या सुमारास नरसम्मांकडे गेलो. त्या उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होत्या. पंच्याहत्तरीच्या असतील. मला बघून हात थांबला नाही.

"मास्तर? वाट चुकला का काय?"

मी उभ्यानंच सांगितलं. धागे, वही, मालकाला काय म्हणालो, गिरणीत काय म्हणालो. शीतल कुणाबरोबरही गेलं नव्हतं, ते मला तेव्हापासून माहीत होतं, हेही सांगितलं. त्या पान कापत होत्या, तंबाखू भरत होत्या, दोरा गुंडाळत होत्या. पंचवीस बिड्यांचा जुडा बांधून झाल्यावर बोलल्या.

"माझ्या पोराला मी तवाच इचारलं हुतं. त्यो म्हणला, अम्मा, तिच्याशी मी धा शब्द बोललो न्हाय. मला म्हाईत हाय. मला काय सांगताय?"

"माफी मागायला आलो होतो."

"माफी माझ्याजवळ न्हाय, भिवंडीला पोराजवळ हाय. आन गिरणीत कवा जाणार?"

"जाईन."

"आत्ता चला," त्या सूप खाली ठेवत म्हणाल्या. "तुमच्यावर भरवसा न्हाय माझा. माझंबी दळाण हायच."

ज्वारीचा डबा त्यांनी स्वतःच उचलला. गिरणीत पाच-सहा जण होते. बाबूराव आता थकलेत, मुलगा पट्टा चढवतो, ते खुर्चीवर बसून असतात. मी बोलायला लागलो तर आवाजात काही ऐकू जाईना. नरसम्मा म्हणाल्या, "बंद करा जरा. मास्तरला बोलायचंय." पट्टा थांबला. पिठाची धूळ हवेत तशीच राहिली.

मी म्हणालो, "चौदा वर्षांपूर्वी मी इथं खोटं बोललो. आमचं शीतल अंबादासबरोबर गेलं नव्हतं, कुणाबरोबरच नव्हतं. अंबादासचं काम मी घालवलं, त्यानं काही चोरलं नव्हतं. शीतल मला सांगत होतं, मी ऐकलं नाही, म्हणून ते गेलं."

"काय सांगत हुती?" एका बाईनं विचारलं.

"ते कधी मुलगी असतं, कधी मुलगा, कधी दोन्ही नाही. रोज बदलतं. लहानपणापासून तसंच."

"म्हंजी नक्की काय हो मास्तर?"

"म्हंजी तेच, जे सांगितलं. त्याला काय म्हणायचं ते त्याचं तेच ठरवतं. आपण शीतल म्हणायचं."

कुणीतरी फसकन हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. बाबूराव कपाळ पुसत म्हणाले, "आता तुमीच मान हालवली म्हणून आमी बोललो बगा."

"बोलायला तुमाला मान हालवावी लागती व्हय?" नरसम्मा म्हणाल्या. बाबूराव मुलाकडे वळून म्हणाले, पट्टा चढव.

बाहेर येऊन पिंपळाखाली मी शीतलला फोन लावला. सांगितलं, झालं, बोललो. मला वाटलं होतं, लेकरू काहीतरी म्हणेल. शीतल म्हणालं, "कुणासमोर?"

"सगळ्यांसमोर. गिरणीत. नरसम्मा होत्या."

"त्यांना फोन द्या."

म्हणजे माझ्या एकट्याच्या शब्दावर भागणार नव्हतं. मला राग आला नाही. मी फोन दिला. नरसम्मांनी तो कानाला लावला आणि माझ्याकडे पाठ करून चार पावलं लांब गेल्या. थोडं मराठी, थोडं तेलुगू ऐकू आलं. एकदा त्या हसल्या. एकदा पदर डोळ्यांना लावला, किंवा नुसता घाम पुसला असेल. बराच वेळ त्या फक्त "व्हय, व्हय" म्हणत होत्या. परत आल्या तेव्हा फोन बंद झालेला होता.

"रविवारी येतंय," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं उतरंल. जेवायलाबी माझ्याकडंच."

"आणि मी?"

नरसम्मांनी माझ्याकडे नीट बघितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, मला वाटतं.

"तुमचं कायबी बोललं न्हाय. यायचं आसलं तर या, दार उघडं आसतं माझं. पण बोलावलंय म्हणून कुणाला सांगू नका."